फलटणला निघालेला मायक्रोस्कोप

शाळेत किस्से शोधावे लागत नाहीत. मुलींना काहीतरी दाखवायला जावं, मध्ये एखादं मोठं माणूस आडवं यावं, की झाला किस्सा तयार! मी सांगलीहून बी.एस्सी. करून कोरेगावजवळच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले. नव्या अभ्यासक्रमात पेशीचा धडा होता आणि शाळेत मोठी माणसं होती. मग काय विचारता!

* * *

शाळेत मायक्रोस्कोप एकच. तो हेडसरांच्या कपाटात, कुलपात.

"सर, नववीला पेशी दाखवायची आहे."

"फळ्यावर काढा की!"

"मग मायक्रोस्कोप कशाला घेतला?"

"इन्स्पेक्शनला दाखवायला!"

वर्षातून दोनदा तो उजेड बघायचा. एकदा इन्स्पेक्शनला, एकदा खंडेनवमीला, पूजेत मांडायला. त्यात संस्थेच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं. हे रिटायर्ड सुभेदार, सगळ्यांचे आबा. दिवाळीच्या सुट्टीत मायक्रोस्कोप फलटणला, संस्थेच्या मुलांच्या शाळेत पाठवायचा!

"पोरींना काय करायचाय? त्यास्नी कांदाच चिरायचा हाय."

"आबा, पेशी त्या कांद्यातच असतात!"

आबा हसले. मी हसले नाही. मुलींनी पेशी न बघताच पेपर लिहायचा? माझ्या हातात दिवाळीपर्यंतचा वेळ होता.

* * *

तोपर्यंत धडा फळ्यावरच. वर्गातल्या निम्म्या मुलींचे वडील पलटणीत. हवालदाराची लेक मंगल उभी राहिली आणि तिने पेशीची छावणीच करून टाकली. "बाई, पेशीपटल म्हंजी गेटवरचा संत्री, कुणाला आत सोडायचं ते तो बघतो. केंद्रक म्हंजी सीओसाहेब, समदे हुकूम त्येंचे. तंतुकणिका म्हंजी लंगर, पलटणीचं सैपाकघर, ताकद तिथनं मिळती."

"आणि पेशीद्रव्य?"

"लंगरातलं वरण! समदे त्यातच तरंगत्यात."

दारात हेडसर उभे होते. "छावणी वगैरे काही नको. केंद्रक म्हणजे हेडमास्तर, असं लिहा!"

"पर सर, केंद्रकाबिगर पेशीचं काम चालत न्हाई," मंगल म्हणाली. "तुमी आठ दिस रजेवर होता, तवा तर शाळा लय झ्याक चालली!"

* * *

खंडेनवमीला पूजा झाली. मायक्रोस्कोप परत कपाटात जायच्या आत मी तो उचलून वर्गात नेला. हेडसर मागोमाग धावले. "थांबा! आधी मी बघणार!"

मी कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला. सरांनी डोळा लावला. "अरे वा! लालच लाल! केंद्रक फारच मोठं आहे हो!"

त्यांनी मान वर केली. उजव्या डोळ्याभोवती कुंकवाचं गोल कडं! शिपाई धोंडीमामांनी पूजा करताना बरोबर डोळा लावायच्या काचेवरच कुंकू लावलं होतं.

"मामा, तिथं का लावलंत?"

"बाई, त्येचा डोळा त्योच न्हवं? मंग कुंकू कुटं लावायचं?"

सर त्याच अवतारात कोरेगावला मीटिंगला गेले. आम्हाला त्यांनी काही विचारलं नाही. आम्हीही काही सांगितलं नाही.

* * *

सर मीटिंगमध्ये, त्यामुळे मायक्रोस्कोप वर्गातच राहिला. दसऱ्याची सुट्टी संपताच प्रत्येक मुलीनं एक कांदा आणला. सर ओरडले, "ही शाळा आहे की बाजार?"

काचेवर ठेवायला कांद्याचा पापुद्रा लागतो नखाएवढा. उरलेल्या कांद्यांची धोंडीमामांनी भजी तळली. सर्वांत जास्त कुणी खाल्ली? सरांनी! तेल पुसत विचारतात कसे, "बाई, पुढचं प्रॅक्टिकल कशाचं?"

"झुरळाचं, सर!"

* * *

दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या शनिवारी आबा मायक्रोस्कोप न्यायला आले. बरोबर त्यांच्या पत्नी, जिजी. मी आडवी उभी राहिले. "नेण्याआधी तुमची नात काय शिकली ते तरी बघा!"

आबांची नात सुलभा नववीतच. तिने आगकाडीच्या मागच्या टोकानं आबांच्या गालाच्या आतून हलकेच खरवडलं, काचेवर पसरलं आणि डोळा लावला. जिजी कौतुकानं बघत होत्या. जिजींना तेव्हा दुहेरी आनंद होता. नात शिकत होती, आणि आबांनी देवापुढे शपथ घेऊन दोन महिन्यांपूर्वी तंबाखू सोडली होती.

"बाई," सुलभा म्हणाली, "गालाच्या पेशीला भिंत नसती ना? भिंत झाडपाल्याच्या पेशीलाच असती?"

"बरोबर."

"मंग आबांच्या गालात विटा रचल्यावानी भिंती कशा काय?"

मी वाकून बघितलं. गालाच्या पेशी होत्याच; पण त्यांच्या मधोमध एक तपकिरी तुकडा, आणि त्याला चांगल्या ठळक भिंती! आबा घाईघाईनं रुमालानं तोंड पुसायला लागले.

जिजी बाकावरून उठल्या. "काय गं सुलभे? कसला झाडपाला दिसतोय?"

सुलभानं आधी जिजींकडे बघितलं. मग आबांकडे. मग पुन्हा नळीला डोळा लावला आणि सावकाश विचारलं, "आबा, ह्यो मायक्रोस्कोप कुटं चाललाय म्हनला तुमी?"

"कुटं? कोन म्हनलं? हितंच हाय की त्यो!"