दोरीपलीकडची भेंडी

शेणवे गावच्या हौसाला भेंडी तोडताना एकदा बघाच! डाव्या हातानं झाड कलतं केलं की उजव्या हाताची नखं देठावर, आणि बोटाएवढी भेंडी कमरेच्या पिशवीत. पन्नाशीला टेकली तरी पोरीबाळींना मागं टाकते. गावात भेंडी यायच्या आधी ती दर हिवाळ्यात भिवंडीकडं वीटभट्टीवर जायची. गावातल्याच चंदर शेतकऱ्याकडं भेंडीची तोडणी लागली आणि तिचं बाहेर जाणं सुटलं.

गेल्या साली मात्र घात झाला. परदेशी गेलेल्या मालात फवारणीचं औषध सापडलं आणि सगळा माल नाकारला गेला. माल निवडून, खोक्यांत भरून परदेशी धाडणाऱ्या मुरबाडकडच्या पॅकहाऊसचा ज्ञानेश्वरशेठ म्हणाला, "औषधाविना भेंडी देत असाल तर गाडी पाठवतो. नायतर राम राम." तेव्हापासून हौसाच्या डोळ्यांसमोर परत भट्टी दिसायला लागली.

मग कृषी कॉलेजातून संशोधन करणारी मिताली आली. निंबोळीचा अर्क आणि किडी चिकटवायचे पिवळे कागद, एवढ्यावर भेंडी निभते असं तिचं म्हणणं. शेठनं तिला तोंडावर सांगितलं, "मॅडम, कुंडीतली भेंडी विमानात चढत नाय. शेतात माल किती पडतो ते दाखवा." पोरगी जिद्दीची. चंदरच्या शेतात मधोमध दोरी बांधली. अलीकडं नेहमीची फवारणी, पलीकडं अर्क. तोडणारीचा हात बदलू नये म्हणून अलीकडं कायम हौसा, पलीकडं कायम सोमी. दोघींचा माल वेगळा मोजायचा.

सोमी म्हणजे हौसाची चुलतसासू. साठी उलटलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. हात चालायचा, पण सावकाश.

दोन महिने तोडणी झाली आणि निकाल ऐकायला सगळे चंदरच्या अंगणात जमले. मितालीनं वही उघडली. "अर्काच्या बाजूला दर तोडणीला माल कमी आलाय. खूपच कमी."

शेठनं खांदे उडवले. "औषध नाय हे बरंय. पण माल निम्मा पडला तर शेतकरी काय खाईल? मी गाडी दुसऱ्या गावाला वळवतो."

हौसाला हे पटेना. झाडं तर तिकडचीच जास्त लगडलेली! तिथली भेंडी तिनं स्वतःच्या हातानं तोडली होती की. स्वतःच्या हातानं...

अगो बाई!

त्यांच्या पाड्यातल्या बायांची रीतच तशी. बांधावर एकटीनं जायचं नाय. जिची ओळ आधी संपेल तिनं मागं राहिलेलीच्या ओळीत घुसायचं आणि दोघींनी मिळून बाहेर पडायचं. हौसा रोज आपलं आवरून दोरी ओलांडायची आणि सोमीची उरलेली भेंडी झपाझप तोडायची. ती पडायची कुठं? हौसाच्याच पिशवीत. मिताली तेव्हा खळ्यात वजनकाट्यापाशी बसलेली असायची. तिला कोण सांगणार? सांगण्यासारखं त्यात काही आहे, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

आता बोलावं तर सोमीचं उघडं पडणार. हिला दिसत नाय, हिच्यानं होत नाय, उद्यापासून येऊ नको, म्हणतील. न बोलावं तर सगळ्यांनीच भट्टीची वाट धरायची. सोमी शेजारीच बसली होती, पदराशी चाळा करत. शेठ चप्पल घालायला वाकला तशी हौसा उठलीच.

"थांबा जरा. चूक माजी हाय. तिकडची भेंडी माज्या पिशवीत गेली."

तिनं सगळं सांगितलं. मितालीचं पेन हातातच राहिलं. आणि सोमी? तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाय. हौसाला वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

"अजून एक तोडणी मोजा," मिताली शेठला म्हणाली. "परवा. तुमच्या समोर."

तिसऱ्या दिवशी सकाळी हौसाची बाजू नेहमीसारखी लवकर उरकली. ती बांधावर आली आणि पाय आपसूक दोरीकडं वळले. "मावशी, नको!" मिताली ओरडली. हौसा थांबली. रिकामे हात घेऊन बांधावर उभं राहायची तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा पाळी आली. ऊन चढलं. सोमी प्रत्येक झाड चाचपत, वाकत, एकेक ओळ पुढं सरकत होती. शेठ सारखा घड्याळ बघायचा. मधेच सोमी कंबर धरून उभी राहिली, तेव्हा हौसाला रडूच आलं. पडली बिडली तर? भेंडी पुरी नाय भरली तर?

ऊन डोक्यावर आलं तेव्हा सोमी शेवटचं क्रेट घेऊन काट्यापाशी आली. हौसाचं मघाशीच मोजून झालं होतं, चौदा किलो. सोमीचं काट्यावर चढलं. मितालीनं आकडा दोनदा बघितला.

"सतरा!"

शेठनं स्वतः वाकून खात्री केली. मग मूठभर भेंडी उचलली, एक मोडून बघितली आणि म्हणाला, "सोमवारपासून गाडी येईल. आजींना सावकाश तोडू द्या, एकही जून भेंडी नाय यात."

हौसानं धावत जाऊन सोमीचा हात धरला. "काकू, चुकलं माजं. सगळ्यांपुढं तुमचं..."

सोमी काट्याकडंच बघत होती. "सतरा किलो, गो," ती म्हणाली. "इतकी वर्सं तू मधेच येऊन तोडायचीस. मला वाटायचं, माज्यानं व्हतच नाय."