दांडा मी ओढणार होतो

मित्राच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला तेव्हा मी आयर्लंडमधल्या डंडॉकच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. "अविनाश गेला हो... मेयोला, समुद्राकाठी. कॅरव्हॅनमध्ये एकटाच होता." हार्ट अटॅक, हे नंतर कळलं. त्याला आता सहा आठवडे झाले.

तीन वर्षांपूर्वी त्याने पिकअप घेतली आणि तिच्या हौद्यात बसवलेल्या जोडावर ओढायची मोठी कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घरच. या जोडाला फिफ्थ व्हील म्हणतात. "गाडीला चार चाकं, पाचवं तू," तो मला चिडवायचा. पिकअपचा हौदा आखूड असला की तीव्र वळणावर कॅरव्हॅनचा पुढचा कोपरा केबिनवर येतो, म्हणून जोड मागे सरकणारा लागतो. दुकानदाराने दोन दाखवले. एक वळताना आपोआप सरकणारा. दुसरा, वळणाआधी खाली उतरून दांडा ओढला तरच सरकणारा. अविनाशला पहिला हवा होता.

"कशाला रे? बिघडायलाच जास्त. मी आहे ना, दांडा मी ओढेन."

"दर वेळी येशील?"

"दर वेळी."

दुसऱ्याच सहलीत, स्लायगोजवळच्या एका अरुंद वळणावर मी उतरलो खरा, पण दांडा ओढायचा विसरलो. कोपरा काचेकडे सरकताना दिसला आणि मी ओरडलो, "अव्या, जाऊ दे! जाऊ दे!" मला म्हणायचं होतं, सोड, हे वळण नको. त्याला ऐकू आलं, पुढे जाऊ दे. त्याने गाडी दामटली. मागची काच फुटून त्याच्या मानेवर आली, बऱ्यापैकी रक्त आलं.

दिवाळीच्या फराळाला मीच तो किस्सा रंगवून सांगितला. "आयरिश झालाय अव्या, मराठी कळत नाही त्याला!" सगळे हसले, तोही हसला. दांड्याचं मी बोललो नाही... त्यानेही नाही. त्यानंतर तो विचारायचा, "येतोस का रे शनिवारी?" मला त्याच्या मानेवरचा व्रण बघवत नसे, मी कामाचं कारण पुढे करायचो. मग त्याने विचारणं सोडलं.

कॅरव्हॅन आणायला मीच गेलो. कॅम्पसाइटच्या फाटकाशीच काटकोनात वळण होतं. मी उतरलो, हौद्यात वाकून दांडा चाचपला. दांडा नव्हताच. त्याने जोड बदलून घेतला होता, आपोआप सरकणारा.

मी परत चढलो आणि चाक फिरवलं. मागे काहीतरी हलकेच सरकलं, कोपरा काचेपासून हातभर लांब राहिला... उतरायला कुणी लागलंच नाही.