गाऱ्हाणं परत म्हण

"काका, परत एकदा. आवाज नीट नाय आला."

गेल्या वर्षीची गोष्ट. मी गणपतीपुढे हात जोडून उभा. गाऱ्हाणं आत्ताच घालून झालेलं. डोळे अजून ओले. आणि माझ्या धाकट्या भावाचा मुंबईचा शेठ माझ्या तोंडासमोर मोबाईल धरून सांगतोय, परत म्हणा.

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घरातला थोरला घालतो. बापामागे मी. माझी शाळा दुसरीपर्यंत. पण गाऱ्हाणं मला कुणी शिकवलं नाय. वर्षभर जे सोसलं ते देवाला सांगायचं, पुढचं मागायचं. त्या दिवशी मी सांगितलं, "बा गणराया, डोंगर जागेवर ठेवलास. माणसं राखलीस, गुरं राखलीस. असंच राख रे महाराजा."

आमची वाडी पोलादपुरावरती, डोंगराच्या पोटाशी. तळीये गाव दरडीखाली गेलं तेव्हापासून पाऊस जोरात लागला की आम्हाला खाली शाळेत आणून ठेवतात. गेल्या वर्षीही ठेवलं. मी न् बायको एका सतरंजीवर. तिथं भावाचा फोन आला. पहिला सवाल, "दादा, घराला काय झालं नाय ना?"

घराला.

तर शेठ म्हणाला, परत म्हणा. मी भावाकडे बघितलं. वाटलं, हा तरी बोलेल. ह्याला खांद्यावर बसवून ओढा पार करून शाळेत नेला मी. तो म्हणाला, "म्हण ना दादा. शेठ सांगतायत. तुला काय जड हाय?"

मी म्हटलं. होय. दुसऱ्यांदा म्हटलं. तेच शब्द, तसेच हात जोडून. पण आत काय नव्हतं. देवापुढे खोटं बोलतोय असं वाटलं. मान वर होईना. पोरं हसली. भावजय तोंडाला पदर लावून हसली.

"एक नंबर!" शेठ म्हणाला. "आता लास्ट. शर्ट काढा काका, खांद्यावर टॉवेल टाका. गाववाला लुक पायजे."

भाऊ आत टॉवेल आणायला गेला. आणला पण.

"नाय," मी म्हटलं.

"दादा, तमाशा करू नको."

"तमाशा तू लावलायस. मी नाचायचं थांबवलं."

शेठनं मोबाईल खिशात टाकला. सत्तरी उलटल्यावर आपल्याच घरात मी 'नाय' म्हटलं.

दर गणपतीला ही मंडळी आली की मी न् बायको गोठ्यात. असंच चालत आलेलं. कुणी जा म्हणत नाय, कुणी राहा म्हणत नाय. त्या संध्याकाळी बायकोनं सवयीनं मधल्या खोलीतलं अंथरुण उचललं. मी म्हटलं, "ठेव गो तिथंच."

"अवो, पावणे हायत."

"पडवी हाय त्यांना."

शेठ लगेच गाडी घेऊन महाडला लॉजवर गेला. भाऊ विसर्जनापर्यंत राहिला, पण माझ्याशी एक शब्द नाय. मुंबईत जाऊन त्यानं भावकीत सांगितलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. भावकीनं बोलणं टाकलं. वर्ष तसंच गेलं.

आता परवा त्याचा फोन. "आम्ही गणपतीला येतोय. खोल्या रिकाम्या करून ठेव."

मी म्हटलं, "ऐक. आधी विचारायचं. पावणा आणायचा तर सांगून. मधली खोली आम्ही सोडणार नाय. आणि मला कुणी हुकूम द्यायचा नाय. जमत असलं तर ये."

"घर माझंपण हाय."

"अर्धं घर तुझं. मी नाय तुझा."

मग म्हणाला, "ठीक हाय. मेलास तर माझा पोरगा आग द्यायला येणार नाय. ऐकून ठेव."

आम्हाला मुलगा नाय. पुतण्यावरच सगळा भरवसा. बायको चुलीपुढे बसून रडली. "ताठा तुमचा! लाकडं कोण रचल? हा ताठा रचल?"

सव गावाला लेक दिलीय. तिला फोन लावला. म्हटलं, "बाय, माझी आग तू लाव." ती मग म्हणाली, "बाबा, घरात विचारून सांगते."

अजून तिचा फोन नाय. खोटं कशाला सांगू, लय भीती वाटते. बायको माझ्याकडे बघत नाय. एकदा मोबाईल हातात घेतलाही, भावाला सांगावं, ये बाबा, कसाही ये. नंबर लावला नाय.

मेल्यावर ज्याला जे करायचं ते करो. नाय केलं तर मढं पडून राहील. पण जिवंत हाय तोवर ह्या उंबऱ्यात शिरणाऱ्यानं माझ्याशी माणसासारखं बोलायचं. नाय जमत, तर उंबऱ्याबाहेर राहायचं. मग तो पाठचा भाऊ असो.