छावणीतली सोपी गाणी

“शेवटच्या ओळीला दम उरला पाहिजे.”

गंगासागर हे सारखं म्हणायची. पोरींना गाणं निवडून देताना म्हणायची, टँकरखालून भरला हंडा उचलणाऱ्या बाईला म्हणायची, आणि दिवस मावळताना पेंडीच्या रिकाम्या पोत्यावर टेकली की स्वतःलाही हळूच म्हणायची.

ती मूळची दूध संस्थेच्या केंद्रावर माप घेणारी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक लातूरकडं दिलेली. वडवणीच्या पेठेतल्या दोन खोल्यांत एकटीच राहायची. कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, आणि दर सोमवारी महादेवापुढं भजनाला बैठक. शिकवायला कुणी नव्हतं. कान आपोआप तयार झाला, चुलीवरचं दूध कधी उतू जाणार ते बाईला न बघता कळतं तसा.

त्या साली पाऊस आमच्या शिवाराकडं फिरकलाच नाही. जनावरांनी आधी दूध सोडलं, मग अंगावरचं मांस सोडलं. केंद्रावरचे कॅन पालथे पडले. मग संस्थेनं माळावर चारा छावणी काढली आणि माप घेणारी बाई पेंड वाटायला लागली.

छावणी म्हणजे एक गावच होतं, फक्त त्याला भिंती नव्हत्या. हिरव्या जाळ्यांच्या सावलीला जनावरं, जनावरांच्या उशाशी माणसं. कर्ती माणसं मजुरीला बाहेर, म्हातारी आणि पोरंसोरं दावणीपाशी. वैरण घातली, पाणी दाखवलं, की उरलेला दिवस नुसता समोर पसरलेला. शाळकरी पोरं-पोरी त्यात उन्हातल्या पाल्यासारखी सुकत चाललेली.

चेअरमन सुंदररावांनी वार्षिक सभेसाठी चाकांचा मोठा स्पीकर घेतला होता. मोबाइल जोडला की नुसता बाजा वाजतो, आवाज आपण घालायचा. सभा काही झाली नाही. गंगासागरनं तो मागून घेतला.

पहिल्या दिवशी पोरांनी माइकवर झडपच घातली. वरातीत वाजतात ती, एका दमात ढीगभर शब्द ओकणारी गाणी लावली. कडव्याच्या मध्येच एकेकाचा श्वास संपायचा. आश्रुबा नावाच्या पोराचा आवाज तेव्हा फुटत होता. वर चढताना तो असा काही चिरकला की बाजेवर पडलेली म्हातारीसुद्धा हसली.

“आश्रुबा, बिजागरीला तेल घाल बे!” एक जण ओरडला.

दुसऱ्या दिवशी माइकला कुणी हात लावेना. तेव्हा गंगासागरनं निवड आपल्या हातात घेतली.

ती निवांत निवडायची. ओळी आखूड हव्यात. दोन ओळींच्या मध्ये बाजाचा तुकडा हवा, म्हणजे थुंकी गिळता येते. सूर वर गेला तर लगेच खाली यायला हवा. आणि शब्द असे हवेत की आजोबा समोर बसलेले असले तरी तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या पोरीला ते उच्चारताना मान खाली घालावी लागू नये. “असली गाणी फार न्हाईत,” ती म्हणायची, “पर हायती.”

पट्टी मात्र ती गाण्यावरून ठरवत नव्हती. पाणी पाजायच्या वेळेला ती हौदाशेजारी उभी राहायची. प्रत्येक पोराची जनावराला हाक मारायची एक तऱ्हा असते. ती हाक ओढून आणावी लागत नाही, पोटातून आपसूक येते. त्या हाकेचा सूर ती कानात धरायची आणि संध्याकाळी स्पीकरचं बटण दाबून गाणं तिथं आणून ठेवायची. आश्रुबा म्हशीला घोगऱ्या आवाजात बोलवायचा. त्याचं गाणं तिनं पार खाली उतरवलं. त्यानं म्हटलं, आणि कुणी हसलं नाही.

सगळ्यांत खणखणीत हाक दैवशालेची. राधाकिशनची ही पोर. तिची हरणी नावाची गाय होती. “हरणेऽऽ” असं ती ओरडली की आख्खी छावणी मान वळवायची. दैवशाला आणि तिच्या तीन मैत्रिणींना गंगासागरनं जत्रेचं एक गाणं दिलं होतं. चौघींनी मिळून म्हणायचं, सुरुवात दैवशालेनं करायची. पट्टी अर्थातच तिच्या हाकेची. छावणी मोडायच्या दिवशी ते म्हणायचं ठरलं होतं. त्यानंतर चौघी चार गावांना जाणार, आणि दैवशाला दसऱ्यानंतर बापासोबत उसाच्या फडावर. ती परत शाळेत दिसेल की नाही, ते सांगायला कुणी तयार नव्हतं. म्हणून हे एक गाणं तरी चौघींनी मिळून पार पाडावं, एवढं गंगासागरच्या मनात होतं. त्या साली दुसरं काही पार पडण्यासारखं नव्हतंच.

मध्येच राधाकिशननं हरणीला माजलगावच्या बाजारात नेलं आणि रिकामं दावं घेऊन तो परत आला. दावणीला एक म्हातारा बैल राहिला. त्याला हाक लागत नव्हती. तो कुठं जातच नव्हता.

दोन-चार दिवसांनी दैवशाला सरावाला आली. गंगासागरनं बाजा लावला, नेहमीच्याच पट्टीत. पोरीनं पहिली ओळ उचलली आणि हौदाकडची जनावरं माना वर करून बघायला लागली. बाजेवरून बायनाबाई म्हातारी म्हणाली, “अगं, गाय तर गेली. ही कुणाला बोलावती?”

दैवशालेनं माइक खाली ठेवला आणि ती कडब्याच्या गंजीमागं गेली.

गंगासागर गुडघ्यावर हात देत उठली आणि तिच्यामागं गेली.

“काकू, मी न्हाई म्हणणार.”

“कावून गं?”

“तोंड उघडलं की हरणीला बोलावल्यागतच येतंय.”

गंगासागर कडब्याला टेकून खाली बसली. तिला आता कळलं. “माझंच चुकलं, बाई,” ती म्हणाली. “मी तुझ्या हाकेवर गाणं ठेवलं. हाक तर गायीची व्हती.”

समजूत घालायचं तिच्या अंगात उरलं नव्हतं. एवढ्यात मैत्रिणी आल्या. सत्यशीला सगळ्यांत पुढं.

“चल की गं, रडूबाई. तुझ्यापायी आमचं गाणं राहायलंय.”

“मंग तूच म्हण की! तुझा आवाज तर लई गोड. मोटार जळाल्यागत.”

“आन् तुझा? फुटक्या घागरीचा!”

“जा गं, शेंबडे.”

दैवशाला नाक पुसत भांडत होती. गंगासागरनं मान वर केली. हा आवाज वेगळा होता. खालचा, जरा खरखरीत, मैत्रिणींपुरताच. त्यात गाय नव्हती.

ती उठली, स्पीकरपाशी गेली आणि बटण दाबत दाबत गाणं त्या भांडणापर्यंत खाली आणलं. “आता म्हण. सत्यशीलाला शिव्या द्यायला लागलीस तसं म्हण.”

छावणी मोडायच्या दिवशी पाहुणे आले, हारतुरे झाले. चेअरमन हळूच म्हणाले, “गंगासागरबाई, गाणं लईच खाली लावलंय. पाव्हणे बसलेत, जरा वर घ्या.”

“पाव्हणे आत्ता उठून जातेल, चेअरमन. शेवटच्या ओळीला दम तुमी देणार का?”

सुंदरराव हसले आणि पाहुण्यांच्या रांगेत जाऊन बसले.

चौघींनी म्हटलं. फार चांगलं झालं असं कुणी म्हणणार नाही. सत्यशीला एका जागी चुकली, तिनं दैवशालेला कोपर मारलं, दोघी तशाच पुढं गेल्या. जनावरांनी माना वर केल्या नाहीत, रवंथ करत राहिली. शेवटची ओळ आली तेव्हा चौघींचा आवाज होता. कुणाचाच तुटला नाही.

टाळ्या थोड्याच पडल्या. माणसं दमलेली होती, बोचकी बांधायची होती. बायनाबाई म्हणाली, “झालं का? बरं झालं.”

टेम्पो भरायला लागले तेव्हा चेअरमननी गंगासागरला बाजूला घेऊन सांगितलं, की केंद्र काही आता उघडत नाही. दूधच नाही तर माप कशाचं घ्यायचं? ती नुसती “हां” म्हणाली. वाटेत संस्थेची कचेरी होती, तिथं स्पीकर ठेवून पुढं जाते, म्हणाली.

मग तिनं पदर खोचला आणि स्पीकर ओढत वडवणीच्या रस्त्याला लागली. मुरमावर चाकं खडखडत होती. मध्येच एक चाक खड्ड्यात अडकलं. ती वाकली, ते सोडवलं, थोडी उभी राहिली, मग पुन्हा चालू लागली. मागं वळून बघितलं नाही.

दैवशाला हरणीच्या मोकळ्या खुंट्यापाशी उभी राहून बघत होती. बाप टेम्पोतून तिला बोलवत होता. तिच्या शेजारचा म्हातारा बैलही रस्त्याकडंच बघत होता.