एका ओळीला सरांची मंजुरी

सरांच्या नाकावर माशी बसलेली चालत नसे. तांत्रिक शाळेच्या संगणक लॅबमध्ये एक खुर्ची तिरकी राहिली तरी ते वर्ग सोडत नसत. घरी ओट्यावर उष्टा चमचा दिसला की बायकोला काही बोलत नसत, चमच्याला बोलत. बायकोला त्यातून कळायचं ते कळे. असला माणूस मेमरी लीकच्या नादाला लागणार नाही तर कोण लागणार?

आता हे लीक म्हणजे काय ते मीच सांगतो. सरांना विचारलंत तर तुमचा दिवस गेला म्हणून समजा. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून देतो तो कंपायलर. सर ज्याच्या नादाला लागले तो कंपायलर फुकट आणि सगळ्यांसाठी खुला. जगभरची हौशी मंडळी घरबसल्या त्याची डागडुजी करत. काम करताना तो यंत्राकडून मेमरी मागून घेई आणि वापरून झाली तरी परत करत नसे. याला म्हणतात लीक. सरांनी तपासलं तर अशी अकराशे चाळीस ठिकाणं निघाली, आणि सरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

मग तीन वर्षं हेच. रोज पहाटे साडेपाचला उठायचं आणि वॉशिंग मशीनला टेकवलेल्या जेवणाच्या टेबलावर शाळेची वेळ होईपर्यंत लीक बुजवत बसायचं. बायको फिजिओथेरपिस्ट. दिवसभर परक्यांच्या माना सरळ करायची आणि घरी येऊन ही एक आखडलेली मान बघायची. तिचा धाकटा भाऊ मोठ्या कंपनीत मॅनेजर. हा मेहुणा चहाला आला की पहिला घोट घ्यायच्या आत विचारायचा, "काय दाजी, जगाची धुणीभांडी काय म्हणतायत?" सर हसून वेळ मारून नेत, पण आतून जळत. या माणसाने एकदा तरी आपल्याला मोठं म्हणावं, एवढंच आता त्यांना हवं होतं. बाकी बढतीबिढतीवर त्यांनी केव्हाच पाणी सोडलं होतं.

शेवटचा लीक बुजला आणि प्रकल्पाच्या मंडळींनी सरांना मेमरी-सफाई विभागाचे मेन्टेनर केलं. तिथला नियम कडक: ज्याचा विभाग, त्याच्या मंजुरीशिवाय त्यात एक अक्षर बदलायचं नाही. सरांनी मेन्टेनरांच्या यादीतल्या आपल्या नावाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. मेहुण्याने अंगठा पाठवला. तो कौतुकाने पाठवला की फोनवर चुकून बोट पडलं, यावर सरांनी दोन दिवस विचार केला.

पंधराव्या दिवशी मंजुरीसाठी पहिला बदल आला. एका ओळीचा. पाठवणारा कोण, कुठला, काही माहीत नाही. ओळीचा अर्थ असा: काम संपलं की सफाई न करता सरळ बंद व्हायचं. खाली कारण दिलं होतं. कंपायलर चालतो काही सेकंद, आणि तो बंद पडला की यंत्र सगळी मेमरी आपोआप ताब्यात घेतं. मोठ्या प्रोग्रामवर ही सफाई नऊ सेकंद खाते. ती नसेल तर पन्नासचे एकेचाळीस होतात. तळाला ‘इतक्या नेटक्या सफाईबद्दल आभार’ असंही लिहिलं होतं, म्हणजे जखमेवर मीठ.

गंमत पुढेच आहे. प्रोग्राम बंद झाला की मेमरी आपोआप परत जाते, हे सर स्वतः दुसऱ्या वर्षाला शिकवत. चौथा धडा. त्यावर दरवर्षी पाच मार्कांचा प्रश्न काढत.

पण मंजुरी द्यायला हात धजेना. मग सरांनी फाटे फोडायला सुरुवात केली. आधी चाचणी मागितली; ती तासाभरात आली. मग टिपणाच्या शेवटी पूर्णविराम नाही म्हणून बदल परत पाठवला, पूर्णविराम आला. जुन्या यंत्रावर मोजून दाखवा म्हणाले, तर तिथे अकरा सेकंद वाचले. शेवटी ‘मी प्रवासात आहे’ असं लिहून सर जेवणाच्या टेबलाशीच बसून राहिले. सतरा दिवस. त्यापायी कंपायलरच्या नव्या आवृत्तीची तारीख टळली, तरी कुणी चकार शब्द काढला नाही. सभ्य माणसं गप्प राहून वाट बघतात ना, तो छळ फार वाईट.

एका सकाळी बायको त्यांची मान चोळत होती. म्हणाली, "अहो, त्या माणसाचं काही चुकलंय का?"

"नाही."

"मग अडलंय कुठे?"

"तीन वर्षं गेली गं माझी त्यात."

"हो ना. हॉटेल सोडताना तुम्ही चादरी धुतल्यात, वाळवल्यात, इस्त्री करून ठेवल्यात. छान ठेवल्यात. पण बाकीचे केव्हाचे गाडीत बसलेत."

सरांना राग आला. तीन वर्षांत जे आपल्याला सुचलं नाही ते हिला मान चोळता चोळता कळलं, याचा जास्त आला. ती कामावर गेल्यावर त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. तिच्यात खोट नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी शर्टाच्या बाहीला पुसलं आणि मंजुरीचं बटण दाबलं.

आठवड्याभरात नवी आवृत्ती निघाली. जाहीर पत्रकाची पहिलीच ओळ: मोठे प्रोग्राम आता नऊ सेकंद लवकर तयार होतात. खाली, तपासणी व मंजुरी म्हणून, सरांचं वडिलांच्या नावासकट संपूर्ण नाव. एक ओळ लिहिणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात तिसऱ्या पानावर. सरांना कुठून कुठून अभिनंदनाचे निरोप यायला लागले.

दुपारी मेहुण्याचा फोन आला. त्याच्या कंपनीत हाच कंपायलर दिवसातून हजार वेळा चालतो, हे सरांना आजच कळलं.

"दाजी, मानलं तुम्हाला. आमचे डायरेक्टर तुमचं नाव घेत होते. मी सांगितलं, माझ्या बहिणीचे मिस्टर आहेत. नऊ सेकंद म्हणजे चेष्टा नाही. आणि मी मेला तुम्हाला काय काय बोलायचो."

सरांनी नुसतं ‘हं’ म्हटलं असतं तरी जन्माचं काम झालं असतं.

"ते नऊ सेकंद," सर म्हणाले, "आधी मीच घातले होते."