बाईंना पाठवलेलं वावर

ज्या कामात यश येत नाही, त्या कामात किस्से फार साठतात. पापडांचा धंदा केला असता तर आज मी तुम्हाला गिऱ्हाइकांबद्दल सांगितलं असतं. आम्ही पडलो तुरुंगातल्या माणसांसाठी पत्रं लिहिणारे. मग सांगायला काय उरणार? चहा ठेवलाच आहे, तर ऐका.

आमचा कंपू आदिलाबादचा. दर रविवारी चार वाजता गंगाधररावांच्या बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आम्ही बसतो. मशिनांवर अजून रेक्झिनची कव्हरं आहेत आणि भिंतीवर 'बोलू नये' अशी पाटी आहे. बाहेरदेशी एक संस्था आहे. आपलं मत शांतपणे बोलून दाखवलं किंवा लिहिलं म्हणून ज्यांना आत टाकलं, अशांची यादी ती ठेवते आणि जगभरच्या आमच्यासारख्या रिकामटेकड्यांना एकेक नाव वाटून देते. आमच्या वाट्याला एक प्राथमिक शिक्षिका आली. देशाचं नाव मी सांगत नाही, न सांगायची सवयच लागली आहे. तिचं नाव घेताना जीभ दुमडायची, म्हणून आम्ही तिला नुसतं 'बाई' म्हणू लागलो.

बाईंचा गुन्हा एवढाच की नेत्याच्या स्वागताला पहिलीच्या लेकरांना दोन-दोन तास उन्हात उभं करू नका, असं पत्र त्यांनी वर्तमानपत्राला लिहिलं. त्याबद्दल सात वर्षं. एका पत्रासाठी सात वर्षं आत, आणि तिला सोडवायला आम्ही काय करणार, तर पत्रंच लिहिणार. पहिल्या दिवशी हे माझ्या लक्षात आलं असतं तर मी घरीच बसले असते.

सुरुवातीला आम्ही अकरा जण होतो. एक मुलाकडे हैदराबादला गेले, एक देवाघरी गेले, दोघं एकमेकांवर रुसले आणि बाकीचे "आलोच" म्हणून गेले ते अजून येताहेत. आता आम्ही तिघंच. मी इंग्रजीची निवृत्त शिक्षिका, म्हणून भाषांतर माझ्याकडे. गंगाधरराव सर्वेसर्वा. आणि तिसरे काशिनाथभाऊ.

*

काशिनाथभाऊ आमच्यात आले ते चुकून. तामसीकडच्या एका खेड्यातले कापूसवाले शेतकरी. पहाणीची, म्हणजे तुमच्याकडच्या सातबाऱ्याची, नक्कल हवी म्हणून अर्ज टाइप करून घ्यायला बसने आले. इन्स्टिट्यूट बंद पडल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. आमची चर्चा चालली होती, ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत राहिले.

"मास्तरनीले जेलात टाकलं?" त्यांनी विचारलं. "काऊन?"

मी सांगितलं. लेकरं, ऊन, पत्र, सगळं. काशिनाथभाऊंनी स्टूल पुढे ओढलं.

"खरंच तर लिवलं होतं तिनं," म्हणाले. "मंग मी बी लिवतो."

त्यांचा अर्ज त्या दिवशी राहूनच गेला.

*

आमची पत्रं दोन प्रकारची. एक तिकडच्या सरकारला आणि एक बाईंना. बाईंचं काशिनाथभाऊंनी सांगायचं आणि मी लिहायचं. सरकारचं पत्र गंगाधररावांच्या अखत्यारीत. त्यांची हयात कचेरीत जाणारे अर्ज टाइप करण्यात गेली. पहिल्याच पत्राच्या शेवटी त्यांनी 'आपला आज्ञाधारक' घातलं.

मी भडकले. ज्यानं एका शिक्षिकेला आत टाकलं त्याचे आपण आज्ञाधारक कसे?

"मॅडम, हा अर्ज आहे," ते शांतपणे म्हणाले. "आज्ञाधारक नाही म्हटलं तर अर्ज बाद होतो. भांडायचं असेल तर वेगळ्या कागदावर भांडा."

त्यांचा दुसरा नियम नकलेचा. नक्कल ठेवल्याशिवाय कागद उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. मराठी मसुदा आणि इंग्रजी पत्र, दोन्हींची झेरॉक्स निळ्या फायलीत. वाचणार कोण, असं मी दरवेळी विचारायचे.

दीड वर्षानं तिकडून एक छापील चिठ्ठी आली. आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे, एवढंच. मी डोक्याला हात लावला. गंगाधररावांनी मात्र पेढे आणले!

"अहो, अर्ज इनवर्ड झाला," ते म्हणाले. आजवरच्या आमच्या यशात तो क्षण बराच वरचा आहे.

*

एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी सह्यांची मोहीम काढली. टेबल मांडल्याबरोबर रांग लागली. आमच्याकडे टेबल दिसलं की रांग लागते, टेबलावर काय आहे ते नंतर बघतात. पस्तीस-चाळीस सह्या झाल्यावर कळलं की निम्म्या लोकांना ही नवीन रेशन कार्डाची नोंदणी वाटत होती.

मग मी प्रत्येकाला समजावून सांगू लागले आणि रांग भराभर ओसरली. नार्नूरकडची एक म्हातारी तेवढी थांबली. तिनं सगळं ऐकून घेतलं, मधे दोनदा "कोन्ता देश?" असं विचारलं, आणि अंगठा उठवायच्या आधी म्हणाली, "तिचं लेकरू कोनाजवळ हाय?"

बाईंचा खटला, कलमं, तुरुंगाचा पत्ता, सगळं आम्हाला तोंडपाठ होतं. हे कधी विचारलंच नव्हतं. मला त्या क्षणी आमच्या मोहिमेची लाज वाटली. संस्थेला लिहिलं, तर चार महिन्यांनी उत्तर आलं: एक मुलगी आहे, मावशीकडे असते. तेव्हापासून बाईंना जाणाऱ्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ मुलीबद्दलची.

*

दुसऱ्या वर्षी आमच्याकडे एक साध्या कपड्यातले साहेब आले. परदेशातल्या तुरुंगाच्या पत्त्यावर दर महिन्याला इथून टपाल जातं, हे कुणाच्या तरी नजरेत भरलं होतं. मी घाईघाईनं दार लोटून घेतलं. गंगाधररावांनी मात्र उत्साहानं निळी फाइल काढली. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ती वाचायला मागत होतं.

साहेबांना मराठी वाचता येत नव्हतं, इंग्रजी येत होतं. तुरुंगात राजकारण लिहिलेलं पत्र अडवतात, म्हणून रोजचंच लिहा, असा संस्थेचा नियम आहे. त्यामुळे फायलीत सगळं काशिनाथभाऊंचं वावर, म्हणजे त्यांचं कापसाचं शेत. धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, निंब. विहिरीवर लोंबणारे सुगरणीचे खोपे. तुरीच्या ओळीत घुसलेला ससा. पहिली वेचणी, दुसरी वेचणी. साहेबांनी दीड तास पान न पान वाचलं.

"सर," शेवटी फाइल मिटून ते म्हणाले, "इसमें तो कुछ भी नहीं है."

आम्ही सुटलो. पण गंगाधररावांचा चेहरा पडला तो पडलाच. दोन वर्षांचं काम, आणि हा माणूस म्हणतो काही नाही!

जाताना दारात साहेब थबकले. त्यांच्या वडिलांचाही कापूसच होता. बोंडअळीवर काशिनाथभाऊ काय फवारतात, ते त्यांनी कागदावर लिहून नेलं.

*

कॉलेजातलं भाषणही सांगते. तुरुंगातल्या अशा माणसांबद्दल बोलायला मला बोलावलं होतं. मी घसा कोरडा करून पाऊण तास बोलले. प्रश्न विचारा म्हटलं, तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिनं तेलुगूत विचारलं, मॅडम, तुमच्या पत्रांनी आजवर कोण सुटलं?

"अजून तरी कोणी नाही," मी म्हणाले.

प्राचार्य तत्काळ आभार मानायला उभे राहिले.

त्या रविवारी मी गंगाधररावांना सांगून टाकलं की मी दमले, आता बास. चार वर्षं झाली होती. पत्र पोचतं की नाही, ते कळत नव्हतं. बाई वाचतात की तुरुंगातला कारकून चुलीत घालतो, कळत नव्हतं. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं झालं होतं. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, या महिन्याचं तेवढं करून द्या. मग पुढच्या महिन्यातही तेच म्हणाले.

*

मधे काशिनाथभाऊंचं वावर रस्त्यात गेलं. निंब पडला, विहीर बुजली. मुलानं शहरात घर बांधलं आणि त्यांना आणून ठेवलं. आता ते बसने यायचे नाहीत, दोन गल्ल्या ओलांडून चालत यायचे आणि पूर्वीपेक्षा जास्त दमलेले दिसायचे.

त्या महिन्याचं पत्र सांगायला ते बसले. मी पेन घेऊन बसले. ते सांगू लागले, "लिव्हा. औंदा निंबाले लय मोहर हाय. खोपे मोजले, चवदा झाले."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, भाऊ, हे खोटं आहे. आपण तिला खोटं कसं लिहायचं? आहे ते लिहू या.

काशिनाथभाऊ बराच वेळ रेक्झिनच्या कव्हरवरची धूळ बोटानं पुसत राहिले.

"तिले काय सांगू मंग?" म्हणाले. "डांबर?"

मी चवदा खोपे लिहिले. पुढची अडीच वर्षं लिहितच राहिले. जगात कुठेच नसलेल्या वावरात दरवर्षी कापूस फुटला, तुरी शेंगांनी लवल्या, विहिरीला पाणी आलं. इंग्रजी माझं, हस्ताक्षर माझं, म्हणजे खोटंही निम्मं माझंच. आणि गंगाधरराव त्याचीही नक्कल ठेवत होते.

*

बाई सुटल्या. संस्थेचा ईमेल आला, 'आनंदाची बातमी'. आम्ही तारखांचा हिशेब केला, तर सातही वर्षं पुरी झालेली. एक दिवस कमी नाही. गंगाधररावांनी विचारलं, "म्हणजे आपण नसतो तरी त्या आजच सुटल्या असत्या?" मी हो म्हटलं. त्या दिवशी पेढे आणायचं कुणालाच सुचलं नाही. मला आनंद झाला होता, पण तो दमून आलेल्या माणसाला जेवण समोर दिसावं तसा झाला होता. भूक मेलेली होती.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी पाकीट आलं. मोडक्या इंग्रजीत, एक पान. मी मराठी करून वाचलं.

बाईंनी लिहिलं होतं की सगळी पत्रं मिळाली नाहीत, पण बरीच मिळाली. कोठडीत सहा बायका होत्या. खिडकी नव्हती. पत्र आलं की त्या पाचजणींना आपल्या भाषेत वाचून दाखवायच्या. मग सगळ्याजणी मिळून वावरात जायच्या. कामं वाटून घेतली होती. दोघींनी कापूस वेचायचा, एकीनं पाखरं हाकलायची, आणि जिचे पाय सुजायचे तिनं निंबाखाली बसायचं. निंबाखालच्या जागेवरून एकदा भांडणही झालं होतं. शेवटी लिहिलं होतं: मुलगी आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे. आम्हाला पासपोर्ट मिळायला दोन-तीन वर्षं लागतील. मिळाला की तिला घेऊन मी श्री. काशिनाथ यांचं वावर बघायला येणार आहे. त्यांना सांगा.

मी वाचायची थांबले. माझ्याच्यानं काशिनाथभाऊंकडे बघवेना. गंगाधररावांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. काशिनाथभाऊंनी पत्र हातात मागून घेतलं. त्यांना इंग्रजी येत नाही. दोन्ही बाजू बघितल्या, घडी करून मला परत दिलं आणि निघून गेले.

पुढचे दोन रविवार ते आले नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन आले, तर सून फणकाऱ्यानं म्हणाली, म्हातारे रोज सकाळी तामसीची बस पकडतात, विचारलं तर सांगत नाहीत.

तिसऱ्या रविवारी आले. धोतराला गुडघ्यापर्यंत काळी माती, वय पंचाहत्तरीच्या घरात. स्टुलावर बसले, पाणी प्यायले.

"दोन एकर वावर सालाच्या मक्त्यानं घेतलं," म्हणाले. "हीर हाय, पानी बी हाय. पोरगा बोलून नाई राह्यला माह्यासंग."

मी म्हटलं, भाऊ, अहो, या वयात?

त्यांनी ते ऐकलंच नाही. पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं वीतभर रोपटं काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि गंगाधररावांकडे वळले.

"सर, नकला काढा सगळ्या. निंब धुऱ्याच्या कोन्त्या अंगाले सांगतला होता आपन?"