काकीचे धवले आणि डावी-उजवी खिडकी

माझी काकी दोनदा गेली. पहिल्यांदा आजाराने, दुसऱ्यांदा माझ्यामुळे.

काकी कोलशेतची धवलारीण होती. आगरी लग्नातले विधी ज्या गाण्यांवर चालतात ते धवले तिला सगळे पाठ होते, कागदावर एकही नव्हता. आजार बरा होणारा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिने रडारड केली नाही. मला डोंबिवलीहून बोलावून घेतलं. (घराण्यात वर्तमानपत्राचा उपसंपादक आणि लॅपटॉपचा मालक मी एकटाच. पुढचं सगळं या दोन पात्रतांमुळे घडलं.)

"प्रणालीच्या हलदीला मी नसन," ती म्हणाली. प्रणाली तिची एकुलती एक मुलगी. "माजी गानी तुज्या डब्यान भरून ठेव. पोरीला आयचाच आवाज पायजे."

ऑफिसच्या रेकॉर्डरवर मी सगळे धवले घेतले, लॅपटॉपवर उतरवले, एक छोटी वेबसाइट केली आणि काकीच्या खाटेशेजारी बसून ते त्या वेबसाइटवर चढवायला घेतले. फाइली चढवायच्या प्रोग्रॅममध्ये दोन खिडक्या असतात. डावीकडे आपला कॉम्प्युटर, उजवीकडे दूर कुठेतरी असलेला सर्व्हर. इकडची फाइल उचलायची, तिकडे टाकायची. हे मी काकीला समजावत होतो आणि प्रणाली मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. काकी मध्येच एक धवला गुणगुणायला लागली.

"काकी, थांब जरा. महत्त्वाचं सांगतोय!"

"म्हंजे हिकरची गानी तिकरं गेली?"

"गेली नाहीत. त्यांची प्रत गेली. इकडेही आहेत, तिकडेही."

"आन हरवली त?"

"सर्व्हरवर गेलेली गोष्ट हरवत नसते, काकी!"

ती पुन्हा गुणगुणायला लागली. मी पुढचा मुद्दा घेतला.

आमच्या ऑफिसात एक शिस्त आहे. पान छपाईला पाठवलं की आपल्याकडचं लगेच काढून टाकायचं, नाहीतर कालचं पान आज पुन्हा छापून येतं. (एकदा आलं होतं. एकाच गृहस्थांना दोन दिवस श्रद्धांजली!) त्या शिस्तीने मी घरी येऊन लॅपटॉपवरचे धवले पुसून टाकले. पाठवले होते ना!

काकी गेली. लग्न पुढे ढकलायचं नाही, असं वचन तिने आधीच घेतलं होतं. हळदीच्या आठवड्यात मला वाटलं, वेबसाइटवर तिचा फोटो असावा, काळ्या चौकटीत. (कोणीही सांगितलं नव्हतं.) डावीकडच्या फोल्डरात वेबसाइटचं पान होतं, त्यात हा फोटो ठेवला. 'दोन्ही बाजू सारख्या करा' असं एक बटण दिसलं. दाबलं. प्रोग्रॅमने सभ्यपणे विचारलं, उजवीकडच्या जास्तीच्या फाइली काढू का? जास्तीचं काढण्याचाच मला पगार मिळतो. हो म्हणालो.

दोन्ही बाजू सारख्या झाल्या. एक पान, एक फोटो. आवाज कुठेच नाही.

वेबसाइटची जागा देणाऱ्या कंपनीला फोन केला. "सर, बॅकअप कस्टमरने ठेवायचा असतो. तुमच्या कॉम्प्युटरवर असेलच ना?" पलीकडची मुलगी धीर देत म्हणाली.

रेकॉर्डर ज्याच्याकडे होता त्या वार्ताहराला गाठलं. "अरे, मी त्याच्यावर खड्ड्यांची पत्रकार परिषद घेतलेली." ऐकून पाहिलं. काकीच्या जागी एक साहेब रस्ते लवकरच सुरळीत होतील, असं सांगत होते.

वेबसाइटची लिंक सगळ्या नातेवाइकांना दिली होती. शहाडच्या मावशीकडे तरी गाणी असतील? "मी कशाला उतरवून घेऊ? लिंक हाय ना!"

शेवटी काकांना सांगितलं. ते मांडवाच्या बांबूंपाशी उभे होते.

"येक तरी हाय?"

"नाही, काका."

"तिना इचारलेला तुना," ते म्हणाले. "हरवली त, म्हनून." आणि बांबूकडे वळले.

प्रणाली मात्र आली. तिचे डोळे सुजलेले होते. "दादा, माझ्याकडे त्या दिवसाचा व्हिडिओ आहे. आई गुणगुणतेय त्याच्यात. पण तिच्या आवाजावर तू बोलतोयस."

हळदीला ठरवलेल्या डीजेला विचारलं, माझा आवाज काढता येईल का. तो बराच वेळ झटला. "दादा, तुमचा काढला की काकींचा पन जातो. दोघं येकातच अडकलेत."

हळदीला तोच व्हिडिओ वाजला. माणसाहून उंच स्पीकरांतून सबंध कोलशेतने ऐकलं, "काकी, थांब जरा. महत्त्वाचं सांगतोय!" मांडव हसला. मग सर्व्हरचं वाक्य आलं आणि लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. काका तेवढे हसले नाहीत. मग माझ्या मुद्द्यांमागून काकीचा बारीक आवाज आला आणि मांडव गप्प झाला. पाटावर बसलेली प्रणाली हळदीच्या हातांनी तोंड झाकून रडली. म्हाताऱ्या बायकांनी ती ओळ उचलली आणि आठवेल तेवढा धवला पुढे गायला. बाकीचे धवले कोणालाच येत नव्हते.

काकीची तेवढीच गुणगुण उरली आहे. माझ्या वाक्याचं तसं नाही. "सर्व्हरवर गेलेली गोष्ट हरवत नसते, काकी!" हे डीजेने वेगळं कापून, खाली ढोल लावून ठेवलं आहे आणि आता कोलशेतच्या प्रत्येक हळदीत ते वाजतं. मी त्याला ते पुसून टाकायची विनंती केली.

"आता नाय पुसत, दादा," तो म्हणाला. "तीन ठिकानी ठेवलाय. तुमच्यामुलंच अक्कल आली!"